बाजीच्या कागदावरची सही

स्टॅनमोर,
१४ एप्रिल १९९१

सुमाताई,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं गिरीशभाऊजी स्वतःच्या शब्दांत तुला सांगतात. म्हणून पत्रच लिहिते. उभी असशील तर बस.

शशी सुट्टी घेतोय. सहा आठवडे! मीनल जन्मली त्या दिवशीसुद्धा ज्यानं संध्याकाळची ऑपरेशनची लिस्ट सोडली नाही, तो माणूस गेल्या रविवारी जेवताना म्हणाला, ‘मी बाजीला घेऊन गाडीनं लांब जाऊन येतो. स्कॉटलंड. पार वरच्या टोकापर्यंत.’ मी तव्यावरची पोळी विसरले. जळली.

मला लायब्ररीतून सहा आठवडे कोण सोडणार? मधे आठवडाभर ट्रेननं इन्व्हर्नेसला येऊन तुम्हाला गाठते, असं मी म्हटलं. तो ‘बघू’ म्हणालाय. २५ मेच्या शनिवारी निघायचं ठरतंय.

तयारी मात्र सगळी माझ्या गळ्यात. व्होल्वोची मागची सीट पाडून तिथे बाजीची गादी टाकायची. ग्रेट डेन म्हणजे काय प्रकरण आहे ते तू पाहिलंयस. उभा राहून खांद्यावर पाय ठेवतो तेव्हा माझ्यापेक्षा वीतभर उंच होतो. रात्रीच्या मुक्कामासाठी मी आत्तापर्यंत अकरा बी अँड बींना फोन केले. सगळ्या बायका गोड बोलतात, आणि मग विचारतात, कुत्रा केवढा आहे? मी ‘मीडियम’ म्हणते. चौघींनी हो म्हटलंय. दारात बघतील तेव्हा बघतील.

तू व्हेटच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसतेस, तर मला नीट लिहून पाठव. गाडीत त्याला मळमळेल का? पाणी किती? खायला केव्हा द्यायचं? शशीनं सोमवारी त्याला रेबीजचं इंजेक्शनसुद्धा देऊन आणलं. बघ, माणूस मनावर घेतो तेव्हा कशी जय्यत तयारी करतो.

तुझी
उल्का


लीड्स,
१८ एप्रिल

उल्का,

निघण्याआधी तीन तास त्याला काही खायला घालू नये. दर दोन तासांनी गाडी थांबवून उतरवावं. पाणी घरचंच न्यावं, वेगळ्या पाण्यानं पोट बिघडतं. गादी धुवायची नाही, त्याचा वास राहू दे. उन्हात बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर हवा.

आता एक विचारते. इंजेक्शन रेबीजचंच होतं ना? नाव ऐकण्यात तुझी चूक झाली असेल. या देशात रेबीज नाही, त्यामुळे इथे कुत्र्यांना ते देतच नाहीत. आमच्या दवाखान्यात पाच वर्षांत मी ते दोनदा पाहिलं. दोन्ही कुत्रे कायमचे देशाबाहेर जाणार होते, एक जर्मनीला आणि एक स्पेनला. स्कॉटलंडला जायला ते लागत नाही.

इंजेक्शनचं कार्ड घरात असेल. बघून कळव.

सुमाताई


स्टॅनमोर,
२२ एप्रिल

सुमाताई,

कार्ड बघितलं. रेबीजच आहे. शशीला विचारलं तर म्हणाला, तिकडे रानात कोल्हे असतात, खबरदारी म्हणून दिलं. झालं समाधान? तुला आधीपासून प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोट दिसते. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा ‘मुलगा फार गप्प आहे’ म्हणून तू आईला घाबरवलं होतंस. तेवीस वर्षं झाली त्याला.

उलट मी तुला सांगते, इतका प्रेमळ तो कधीच नव्हता. गटार साफ केलं. फ्यूजबॉक्सवर प्रत्येक बटणाखाली बारीक अक्षरात चिठ्ठ्या लावल्या: किचन, जिना, मीनलची खोली. बॉयलर बंद पडला तर कसा चालू करायचा ते मला शिकवलं, आणि माझ्याकडून दोनदा करून घेतलं. मेन पाणी कुठे बंद होतं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आता माहीत आहे. ‘तू सहा आठवडे एकटी असशील,’ म्हणाला. मला भरूनच आलं.

तू उगाच काळजी करू नकोस आणि मलाही लावू नकोस.

उल्का


लीड्स,
२५ एप्रिल

उल्का,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावलीस तरी लिहिते.

कोल्ह्यांना इथे रेबीज नाही. कुत्रा एकदा देशाबाहेर गेला की परत आणताना त्याला सहा महिने क्वारंटाईनच्या केनेलमध्ये डांबतात. लोक ती जागा जायच्या आधीच ठरवून ठेवतात. शशी सहा आठवड्यांत परत येणार असेल आणि बाजी बाहेर जाणार असेल, तर केनेल ठरलेली असणार. त्याला एवढंच विचार: कोणती केनेल?

बॉयलरचं वाचून मला भरून आलं नाही. मला ते आवडलं नाही.

मी गिरीशना विचारलं, शशी तुमच्याशी काही बोलला का. ‘तुम्ही बहिणी फार विचार करता,’ म्हणाले आणि बागेत गेले. बाहेर पाऊस पडत होता.

सुमाताई


स्टॅनमोर,
७ मे

सुमाताई,

केनेलचं विचारायची वेळच आली नाही.

काल बँक हॉलिडे. ब्रेकफास्टला शशीनं माझ्यापुढे चार कागद ठेवले. ‘एवढ्या सह्या कर. बाजी तुझ्या नावावर आहे ना.’ तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला त्यानं ते पिल्लू आणलं आणि मी घाबरून टेबलावर चढले होते. कुत्रा दोन दिवसांत त्याचा झाला, कागदावर माझा राहिला.

शशीनं बोट ठेवावं आणि मी सही करावी, हे आमच्याकडे कायमचं. तुझी पत्रं आली नसती तर कालही केली असती. पहिला कागद गाडीच्या इन्शुरन्सचा. दुसरा व्हेटचा. तिसऱ्यावर बाजीचा रंग, वय, वजन लिहिलेलं आणि खाली, जाण्याचा देश: फ्रान्स.

‘शशी, फ्रान्स?’

तो टोस्टला मार्मलेड लावत होता. पार कडेपर्यंत लावून होईस्तोवर थांबला.

‘हो.’

‘आणि स्कॉटलंड?’

‘स्कॉटलंड नाही.’

‘मी अकरा बायकांना फोन केले!’

‘माहीत आहे,’ म्हणाला. ‘तू इतकी खूश होतीस, मला थांबवता आलं नाही.’

मग एकेक करून बाहेर आलं. दक्षिणेला डोंगरात एक लहान दगडी घर आहे, ते त्यानं फेब्रुवारीत घेतलं. हॉस्पिटलची नोकरी सोडली आहे, १७ तारीख शेवटची. परत यायचं नाही. मला तिथे पोचल्यावर पत्र लिहिणार होता. पत्र, ताई! तेवीस वर्षांचा संसार, आणि एक दिवस पोस्टमन येऊन सांगणार होता.

मी विचारलं, ‘कोण आहे तिथे?’

‘कोणी नाही.’

‘खरं सांग. कोण बाई आहे?’

‘कोणी नाही, उल्का. म्हणूनच तर जातोय.’

‘मग मी काय केलं?’

‘तू काही केलं नाहीस. घरात आलो की तू बोलतेस, मला उत्तरं द्यावी लागतात. माझ्याकडे उत्तरं उरलेली नाहीत.’

‘आणि बाजी?’

‘तो नुसता असतो,’ म्हणाला.

तो बाजीला फिरवायला गेल्यावर मी त्याचे सगळे खण उपसले. फोनची बिलं बघितली, कोटांचे खिसे बघितले. एखादं नाव मिळावं, एखाद्या नर्सचं, कुणाचंही, म्हणून मी अक्षरशः धडपडत होते. काही नाही. दुसरी बाई असती तर मी तिला शिव्या तरी घातल्या असत्या. रिकाम्या घराला काय शिव्या घालू?

सही मी केलेली नाही. त्या कागदाशिवाय बाजीला तिकडे घेत नाहीत आणि बाजीशिवाय हा जाणार नाही, असं मला वाटतं. बायकोला टाकून जाणारा माणूस कुत्र्याला टाकू शकत नाही.

उल्का


लीड्स,
११ मे

उल्का,

तुझं पत्र मी गिरीशना वाचायला दिलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या बऱ्या कानाच्या बाजूला येऊन बसले. तेव्हाच मला समजलं की यांना ठाऊक होतं.

फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला कॉन्फरन्स नव्हती. हे शशीबरोबर फ्रान्सला ते घर बघायला गेले होते. मी त्यांची बॅग भरून दिली होती. आल्यावर हॉटेलचं जेवण कसं होतं तेही विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं, बेचव. तेहतीस वर्षांत यांनी माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आता आठवायला लागले तर कुठे थांबू?

शशीनं शब्द घेतला होता, असं म्हणतात. ‘आधी उल्काला सांग,’ असं यांनी त्याला दर फोनला सांगितलं म्हणे.

पुढचं लिहू की नको यात दोन दिवस गेले. पण तुझ्यापासून आणखी एका माणसानं काही लपवावं हे मला जमणार नाही.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये शशीच्या टेबलावर एक बाई गेली. बत्तीस वर्षांची. ऑपरेशन अगदी साधं होतं. भूल त्यानं दिली होती आणि ती शुद्धीवर आलीच नाही. चौकशी झाली. शशीची काही चूक नाही, असा निकाल लागला. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या सोमवारी तो कामावर गेला आणि त्यानंतर दीड वर्ष रोज जात राहिला. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याला समजावलं असतंस. त्याला कोणी समजावायला नको होतं.

मला हे कोणत्या तोंडानं सांगू कळत नाही. तुझ्या घरातलं खोटं मी लीड्सला बसून ओळखलं. माझ्या घरातलं माझ्यासमोर बसून जेवत होतं.

गिरीशशी मी बोलत नाही.

सुमाताई


स्टॅनमोर,
२७ मे

सुमामावशी,

मी मीनल. माझा मराठी लिहिणं वाईट आहे, सॉरी. तुम्हाला फोनवर ऐकायला येत नाही आणि गिरीशकाकांना मला सांगायचं नाही, म्हणून लेटर.

माझे फायनल्स संपले. शुक्रवारी मी नॉटिंगहॅमहून घरी आले. मम्मी मला फोनवर दर वेळी ‘सगळं छान’ म्हणायची. शनिवारी सकाळी सात वाजता खाली आले तर गाडी पूर्ण भरलेला होता. पपांचा सूटकेस, पुस्तकं, बाजीचा गादी. पपा म्हणाले, सही नसली तरी मी जातो, फ्रान्सच्या बोटवर काय होईल ते होईल.

आणि मम्मी किचनचा खुर्ची घेऊन घरासमोर ड्राइव्हवर, गाडीच्या अगदी मागे बसली होती. नाइटीवर कोट. हातात बाजीचा पट्टा. बाजी तिच्या बाजूला बसलेला. मावशी, सात ते साडेबारा ती तिथे बसली. समोरच्या घरातले लोक बघत होते. पोस्टमन आला, त्याने लेटर्स मम्मीच्या हातात दिले आणि ‘मॉर्निंग’ म्हणाला. मी रडले, मम्मी प्लीज आत ये म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं पण नाही. पाऊस आला तेव्हा तिने स्वतःचा स्कार्फ काढून बाजीच्या डोक्यावर टाकला.

आणि ती काही बोलली नाही! माझी मम्मी! एक वर्ड नाही.

पपा गाडीत स्टीअरिंगवर हात ठेवून बसले होते. मिररमधून त्यांना ती दिसत असेल. मग ते उतरले आणि एक एक गोष्ट परत घरात नेली. आत येऊन त्यांनी सगळ्यांसाठी ऑम्लेट केला. आम्ही खाल्ला. मम्मी-पपा ओरडले असते तर मला कमी भीती वाटली असती.

पपांनी जॉब सोडलाय हे मला त्याच दिवशी कळलं. एक पेशंट गेली ते काल कळलं, मम्मीने सांगितलं, तुमचा लेटर दाखवून. मी एकवीस वर्षांची आहे. मला सगळं शेवटी का कळतं?

तुम्ही येऊ शकता का?

मीनल


स्टॅनमोर,
९ जून

सुमाताई,

मी सही केली.

मीनलनं तुला खुर्चीचं लिहिलंय. मी तुला ते कधीच लिहिलं नसतं. तू येते म्हणून कळवलंस आणि मी नको म्हटलं, त्याचा राग धरू नकोस. मला कोणी बघायला नको होतं.

त्या शनिवारनंतर शशी घरातच होता. वेळेवर जेवायचा, भांडी घासायचा, बाजीला दोनदा फिरवायचा. पहिले दोन दिवस मला वाटलं, जिंकले. तिसऱ्या दिवशी तो बाजीचे पाय पुसत बसला होता आणि मी दारातून बघत होते. त्यानं मान वर केली नाही. तेव्हा मला दिसलं की हा माझ्यासाठी राहिलेला नाही. त्याच्या कुत्र्याचा कागद माझ्या खणात आहे म्हणून राहिलाय. मी नवऱ्याला कुत्र्याच्या पट्ट्यानं बांधून ठेवला होता, ताई. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. बुधवारी मी कागद काढला, सही केली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. तो रडला. मीनल जन्मली तेव्हाही तो रडला नव्हता.

काल त्याला सोडायला मी डोव्हरपर्यंत गेले. तो नको म्हणाला, मी गाडीत बसले. बाजी मागे.

ग्रेव्हसेंड गेल्यावर तो बोलायला लागला. आपणहून. त्या बाईचं नाव कॅरल होतं. सकाळी तिनं त्याला विचारलं होतं, मी उठेपर्यंत तुम्ही इथेच असाल ना? तो हो म्हणाला होता. नंतर कॉरिडॉरमध्ये तिचा नवरा तिचा कोट मांडीवर घेऊन बसला होता. तो शशीला म्हणाला, ‘डॉक्टर, तिला किती वेळ लागेल? गाडी पार्किंगच्या मीटरवर उभी आहे.’ शशीनं त्याला कसं सांगितलं ते त्याला आठवत नाही. कोट आठवतो. हिरवा होता.

‘चूक नव्हती म्हणाले सगळे,’ शशी म्हणाला. ‘मग ती का नाही उठली? चूक असती तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.’

मला त्याला समजवायचं नव्हतं. कॅंटरबरी आलं आणि गेलं, तो बोलतच होता. मधे एकदा गाडी थांबवून आम्ही बाजीला उतरवलं, गवतात फिरवलं, घरच्या बाटलीतलं पाणी पाजलं. शशीनं माझ्यासाठी कॉफी आणली. चारचौघांसारखं कुटुंब सुट्टीला निघालंय असं कोणालाही वाटलं असतं. मला धक्का याचा बसला की मलाही थोडा वेळ तसंच वाटलं.

आता जे लिहिणार आहे ते मीनललाही सांगितलेलं नाही. माझ्या पर्समध्ये माझा पासपोर्ट होता. शुक्रवारी कोणी बघत नसताना ठेवला होता. मनाशी म्हटलं होतं, त्यानं एकदा जरी विचारलं तरी मी तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी जाईन. लायब्ररी गेली खड्ड्यात. त्यानं विचारावं म्हणून मी डोव्हरपर्यंत गेले होते. त्याला सोडायला नाही.

फेरीच्या रांगेत गाड्या पुढे सरकत होत्या. आमच्यापुढे तीनच उरल्या. एका माणसानं काचेतून कागद बघितले, बाजीकडे बघून शीळ घातली आणि हसून पुढे गेला. शशीनं इंजिन बंद केलं.

‘उल्का,’ म्हणाला, ‘चल तूही.’

मी पर्स दोन्ही हातांनी धरली.

‘खरंच म्हणतोय. आज बोललो तसं तिथे बोलता येईल. चल.’

आणि मी म्हटलं, ‘नाही.’

माझाच आवाज, पण मी तो बाहेरून ऐकला. शशीनं चमकून माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याइतकीच चमकले होते. पुन्हा विचारेल म्हणून मी घाईघाईनं दार उघडलं आणि उतरले. बाजीनं सीटच्या मधून डोकं काढलं, त्याच्या कपाळावर हात ठेवला. शशीच्या खांद्यावरही ठेवला. मागून कोणीतरी हॉर्न दिला.

गाडी पुढे गेली. बाजी मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होता. मग तो वळला आणि शशीसारखा पुढे बघायला लागला.

स्टेशनपर्यंत चालत गेले. चेअरिंग क्रॉसला उतरून ट्यूबनं स्टॅनमोर. मीनलनं भात-आमटी करून ठेवली होती. तिनं विचारलं, पपा गेले? मी म्हटलं, गेले. ती म्हणाली, त्यांनी तुला काही विचारलं का? मी म्हटलं, नाही. म्हणजे आता मीही खोटं बोलले. भाऊजींना फार दिवस उपाशी ठेवू नकोस, बोलायला लाग त्यांच्याशी.

सकाळपासून एकाच जागी बसून विचार करतेय. रागानं नाही म्हटलं असतं तर मला समजलं असतं. पण राग कॅंटरबरीच्या आधीच संपला होता. मला त्याची माया वाटत होती, आत्ताही वाटतेय. त्यानं मागितलं असतं तर मी रक्त दिलं असतं. आणि पाच आठवडे ज्या एका शब्दासाठी मी जीव टाकत होते तो त्यानं उच्चारला, आणि मी दार उघडून उतरले.

तो ‘नाही’ माझ्यात कधीपासून बसून होता, सुमाताई? मला तर त्याचा पत्ताच नव्हता.

उल्का